वाळूचे ठिपके

शीट सत्तेचाळीस के, पोटक्रमांक सात.
एक इंच म्हणजे एक मैल.
पाठीला मांजरपाट चिकटवलेला, तोही आता विरलाय,
आणि चार घड्या जिथं एकत्र येतात
तिथं नेमकं एक गाव गळून पडलंय.
रुपयाएवढं भोक. त्यातून टेबल दिसतं.

विट्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात
एकतीस वर्षं मी ट्रेसर होते.
दुसऱ्यांनी चालून आणलेल्या रेषा
बसल्या जागी पुन्हा काढायच्या,
पदर आवरून, श्वास धरून.

वरच्या अंगाला खटावचे डोंगर.
तिथं तपकिरी रेषा अशा दाटलेल्या
की निब टेकवायला जागा नाही.
खाली येता येता फाकतात, सुस्तावतात,
माळावर तर एक रेष दुसरीला
दोन-दोन कोस भेटत नाही.
त्यांच्यामधून येरळा.

निळा रंग तिच्या वाट्याला थोडाच आलाय,
उसवलेल्या दोऱ्यासारखा, मधेच तुटणारा.
बाकी सगळे ठिपके,
राजगिऱ्याहून बारीक, काळे, हजारोंनी.
ठिपके म्हणजे वाळू.
कोपऱ्यात साहेबाची सही आहे.
ठिपके देणाऱ्याची नाही.

पहिल्या वर्षी कंटाळून मी
दहाच्या जागी सात देत सुटले. कोण मोजतंय?
आमचे चेनमन बाबालाल मुलाणी
बशीत चहा ओतता ओतता वाकून बघत म्हणाले,
"बाई, वाळूची चोरी हितनंच सुरू हुती."
तो कागद मी फाडला.
नंतर कधी एक ठिपका गाळला नाही.
उपयोग काय झाला म्हणाल, तर काही नाही.
पुढं रात्रीचे डंपर आले,
त्यांच्याकडे कुठला नकाशा होता?
पात्राचा खडक उघडा पडला, वर वेडी बाभूळ माजली,
आणि माझ्या कपाटात नदी
होती तेवढीच रुंद राहिली.

मार्चमध्ये अनुसया होनमाने आल्या, उताऱ्यासाठी.
टेबलावर शीट पसरलेली.
"आमचं गाव कुठं ह्यात?"
मी नाव विचारलं, आणि गप्प झाले.
गाव भोकात होतं.
त्यांनी भोकात बोट घालून बघितलं, हसल्या.
मग बोट तसंच खाली घसरत गेलं,
अक्षरओळख नाही, तरी अडखळलं नाही,
पांदीवरून, ओढ्याच्या तोंडापाशी वळून,
ठिपक्यांवर येऊन थांबलं.

"हितं झिरा उकरायचो आम्ही.
कोपराएवढा. आत पानी पाझरायचं गार,
ते वाटीनं घागरीत घ्यायचं.
घागर भरस्तोवर बाळ माझं वाळूत झोपून उठायचं.
रातीत वाळू बसायची, झिरा बुजायचा.
सकाळी दुसरीकडं."

खाली चिन्हांची यादी आहे:
पक्की विहीर, कच्ची विहीर, तळं, देऊळ, कबर,
टपालघर, पायउतार, एकटं झाड.
एकटं झाडसुद्धा आहे.
झिरा नाही.
मी दोनदा वाचलं.

त्या वीस रुपये भरून, पावती कमरेला खोचून गेल्या.
शीटवर बोटाचा घामट ठसा राहिला,
तो पुसायचा नियम आहे. मी पुसला नाही.

कार्यालय सुटल्यावर
मी निब निळ्या शाईत बुडवली.
एक ठिपका. काळ्यांमध्ये एकच,
कुणाच्या लक्षात आला असता?
पण कुठं द्यायचा?
ओढ्याच्या तोंडाशी धरला हात,
मग जरा खाली, मग त्या ठशाच्या कडेला.
आजचा दिला तर उद्याचा चुकणार.
शिपाई किल्ल्या वाजवत उभा होता.
निबेवरची शाई वाळून चालली.

शेवटी नळाखाली धरली.
बेसिनमध्ये निळं पाणी जाळीपर्यंत गेलं,
वीतभर असेल,
मग तुटलं.